शॉकअपच्या सायकली : कळ ओळखा, धंदा राखा

सायकल दुरुस्ती हा आपल्याकडील अनेक कारागीर कुटुंबांचा जुना धंदा आहे. जामनेर घ्या, पहूर घ्या, शेंदुर्णी किंवा नेरी घ्या. बसस्थानकाच्या वळणावर किंवा बाजारपेठेच्या तोंडाशी एखादे सायकलचे दुकान असतेच. तिथे उस्तादाच्या हाताखाली शिकलेला शागीर्द पुढे स्वतःचे दुकान टाकतो. एके काळी तासावर भाड्याने सायकली देऊन ही दुकाने चालत. मोटारसायकल घरोघरी आली तसे भाड्याचे काम संपले. मग ओव्हरऑइलिंग, रिमचा आऊट काढणे, छर्रे बदलणे आणि पंक्चर एवढ्यावर दुकाने तगून राहिली.

आता सायकल पुन्हा रस्त्यावर दिसते, पण वेगळ्या रूपात. रुंद टायर, डिस्क ब्रेक, गिअर आणि पुढच्या चिमट्याला शॉकअप. शाळकरी मुलाला हीच सायकल हवी असते. सकाळी व्यायामासाठी बाहेर पडणारी मंडळी तर याच जातीची भारी सायकल घेतात. मात्र शॉकअप बिघडला की मिस्त्री हात वर करतो, "याचे काम आपल्याकडे होत नाही" असे सांगतो, आणि गिऱ्हाईक जळगावचा, नाशिकचा नाहीतर पुण्याचा रस्ता धरते. गेलेले काम एका दिवसाचे असते. गेलेले गिऱ्हाईक बहुधा कायमचे जाते.

म्हणून या वेळी आम्ही या पानावर शॉकअपच्या सायकलीचा विषय घेतला आहे. शॉकअप आतून कसा चालतो, हँडलवरची कळ काय करते, डोंगरी शर्यतीच्या सायकलींची घडण कोणत्या दिशेने चालली आहे आणि यातले आपल्या दुकानदाराला व मिस्त्रीला काय उपयोगी, हे आम्ही क्रमाने मांडत आहोत.

हा प्रकार आला कुठून

माऊंटन बाईक हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे अपत्य. तेथील मरीन परगण्यात काही हौशी तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन उतारावरून पळवीत. १९७६ साली त्यांनी शर्यतीही सुरू केल्या. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने अशा वापरासाठी मुद्दाम नवी फ्रेम बनवली आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर ही सायकल कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडली. या सगळ्या सायकलींचा चिमटा साधा, कडक होता.

शॉकअप आला तो १९८९ च्या सुमारास. पॉल टर्नर हा होंडाच्या मोटोक्रॉस संघात काम केलेला मोटारसायकल मेकॅनिक. मोटारसायकलच्या फोर्कचे तत्त्व त्याने सायकलला लावले आणि रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ हा फोर्क बाजारात आला. तो हवा आणि तेलावर चालत असे आणि जेमतेम पाच सेंटीमीटर दबत असे. १९९० मध्ये अमेरिकेतील डुरँगो येथे माऊंटन बाईकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्री शर्यतीचा समावेश झाला. तेव्हापासून या सायकलीच्या सुधारणेला वेग आला.

आमच्या कारागीर बांधवांनी यातली एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या वस्तूला आपण बुजतो ती एका मेकॅनिकच्या हातातून जन्मली आहे. मोटारसायकलचा फोर्क खोलून ऑइल सील बदलणारा आणि फोर्क ऑइल भरणारा मिस्त्री आपल्या प्रत्येक गावात आहे. सायकलचा शॉकअप म्हणजे त्याच कामाची हलकी आणि नाजूक आवृत्ती.

आपल्या देशात १९९० च्या दशकात हिरो रेंजर, हर्क्युलस एमटीबी अशा सायकलींनी तरुणांना वेड लावले. जाड टायर आणि सरळ हँडल असलेल्या त्या काळच्या बहुतेक सायकलींचा चिमटा साधाच होता. पुढे स्वस्त शॉकअप आला आणि मुलांच्या सायकलींनाही बसू लागला. २००५ मध्ये फायरफॉक्स कंपनीने महागड्या सायकलींचा बाजार उघडला. २०१५ मध्ये लुधियानाच्या हिरो सायकल्सने ती कंपनी विकत घेतली. उलट, साध्या सायकलींच्या जोरावर मोठी झालेल्या ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला. वारा कोणत्या बाजूचा आहे हे या दोन घटनांवरून व्यापाऱ्याला समजावे.

शॉकअपच्या पोटात काय असते

कोणत्याही शॉकअपची दोन कामे असतात. पहिले काम दणका झेलण्याचे आणि दुसरे उसळी आवरण्याचे. दणका स्प्रिंग झेलते. ही स्प्रिंग स्वस्त फोर्कमध्ये लोखंडी असते, भारी फोर्कमध्ये तिच्या जागी कोंडलेली हवा असते. उसळी आवरण्याचे काम तेल करते. इंजेक्शनची सिरिंज पाण्याने भरून दाबून पाहा. बारीक छिद्रातून पाणी सावकाश निघते, म्हणून दट्ट्याही सावकाश जातो. फोर्कच्या नळीतील तेल असेच बारीक वाटांतून ये-जा करते. वाट मोठी केली की शॉकअप झटकन हलतो, लहान केली की हळू हलतो, बंद केली की जवळजवळ हलतच नाही. फोर्कवरील बहुतेक गोल खुंट्या आणि कळा याच वाटा लहान-मोठ्या करतात. एवढे समजले की अर्धे काम समजले.

स्वस्त सायकलीच्या शॉकअपमध्ये पुष्कळदा तेलाचा हा भाग नसतोच. नुसती स्प्रिंग असते, किंवा स्प्रिंगसोबत रबराचा तुकडा. दणका बसला की ती दबते आणि तेवढ्याच जोराने परत उसळते. म्हणून अशी सायकल खड्ड्यातून गेल्यावर घोड्यासारखी उड्या मारते. स्प्रिंगच्या साध्या फोर्कचे वजन अडीच किलोच्या आसपास किंवा जास्त भरते. शर्यतीच्या हवेच्या फोर्कचे दीड किलोच्या आसपास. किमतीतील फरक मात्र एवढा की एका चांगल्या हवेच्या फोर्कच्या पैशात चार-पाच साध्या सायकली सहज येतील.

दुकानात फोर्क ओळखण्याची सोपी रीत अशी. बहुतेक हवेच्या फोर्कमध्ये डाव्या पायाच्या माथ्यावर टोपण असते आणि ते फिरवून काढले की मोटारीच्या ट्यूबसारखा वॉल्व्ह दिसतो. उजव्या पायाच्या माथ्यावर दाब कमी-जास्त करण्याची किंवा बंद करण्याची खुंटी असते. उजव्या पायाच्या तळाशी, बहुधा लाल रंगाची, उसळी आवरण्याची खुंटी असते. तळाशी खुंटी नसेल आणि वर वॉल्व्हही नसेल, तर तो साधा स्प्रिंगचा फोर्क समजावा.

हँडलवरची कळ

आता कळीचा मुद्दा, म्हणजे खरोखरच कळीचा. चढावर सायकलस्वार उभा राहून पायडल मारतो तेव्हा त्याच्या वजनाने शॉकअप वरखाली होतो. पायाची ताकद चाकाला मिळण्याऐवजी शॉकअप दाबण्यात खर्च होते. यावर उपाय म्हणून शॉकअप बंद करण्याची सोय आली. तिला लॉकआउट म्हणतात. सुरुवातीला ही खुंटी फोर्कच्या माथ्यावरच होती. ती फिरवायला हँडलवरचा हात सोडावा लागे आणि शर्यतीत ते परवडत नसे. म्हणून हँडलवर कळ आली आणि ब्रेकच्या वायरसारखी बारीक वायर तिथून फोर्कपर्यंत गेली.

ज्या सायकलींना मागेही शॉकअप आहे त्यांत एकाच कळीने पुढचा-मागचा दोन्ही चालवण्याची पद्धत आली. स्कॉट या स्विस कंपनीची ट्विनलॉक ही रचना त्यात नावाजली. तिला तीन टप्पे आहेत. उतारासाठी पूर्ण खुले, खडबडीत चढासाठी मधले आणि सपाट रस्त्यासाठी बंद. स्पेशलाइज्ड कंपनीने २००३ पासून वेगळी वाट धरली. तिच्या ब्रेन नावाच्या रचनेत कळ नसते. आतील वजनदार तुकडा जमिनीचा धक्का आणि स्वाराचा जोर यांतील फरक ओळखतो. खालून धक्का आला तरच तेलाची वाट उघडते. अलीकडे वीजही आली आहे. रॉकशॉक्सची फ्लाइट अटेंडंट ही बॅटरीवर चालणारी रचना २०२१ मध्ये निघाली आणि २०२४ मध्ये क्रॉस-कंट्री सायकलींसाठी तिची हलकी आवृत्ती आली. रस्ता, चढ आणि पायडलचा जोर पाहून ती फोर्क व मागचा शॉकअप स्वतःच उघडते आणि बंद करते.

हे सगळे ऐकून आमच्या मिस्त्रीला वाटेल की हे आपले काम नव्हे. बॅटरीच्या सायकली आपल्याकडे रोज येणार नाहीत हे खरे आहे. पण वायरची कळ असलेल्या सायकली येतात आणि त्यांची तक्रार बहुधा एकच असते: कळ दाबली तरी शॉकअप बंद होत नाही, किंवा बंद झाला तर उघडत नाही. पुष्कळदा दोष फोर्कचा नसतो. वायर सैल पडलेली असते, गंजलेली असते किंवा वायरच्या नळीत धूळ भरलेली असते. ब्रेकची वायर बदलणाऱ्या मिस्त्रीला हे काम अर्ध्या तासाचे आहे. एक काळजी मात्र घ्यावी. काही फोर्कमध्ये वायर ओढली की शॉकअप बंद होतो, तर काहींमध्ये वायर ओढली की तो उघडतो. जुनी कळ बदलताना नवी कळ त्याच जातीची आहे ना, हे आधी पाहावे. नाहीतर नवे सामान बसवूनही काम उलटे होईल.

गिऱ्हाईकाला आणखी एक गोष्ट सांगावी. शॉकअप बंद ठेवून खड्ड्यातून सायकल घालू नये. चांगल्या फोर्कमध्ये मोठा दणका आला तर वाट आपोआप उघडण्याची सोय असते. स्वस्त फोर्कमध्ये ती असेलच असे नाही, आणि तेव्हा दणका आतल्या भागांवर बसतो. बंदची कळ गुळगुळीत रस्त्यासाठी आणि चांगल्या चढासाठी आहे.

शर्यतीच्या सायकलीची बदललेली घडण

क्रॉस-कंट्री शर्यत म्हणजे डोंगरातील चार-सहा किलोमीटरच्या वाटेवर मारलेल्या अनेक फेऱ्या. ऑलिंपिक दर्जाची शर्यत दीड तासाच्या आसपास चालते. पूर्वी चढावर जो जोरात तो जिंके. पुढे वाटेत मोठे दगड, उड्या, खडे उतार मुद्दाम घातले जाऊ लागले, आणि सायकलही बदलली.

पूर्वी ६० ते ८० मि.मी. दबणारा फोर्क पुरे होता. नंतर १०० मि.मी. हे माप रूढ झाले आणि आता १२० मि.मी. सर्रास दिसते. नुसत्या पुढच्या शॉकअपच्या हलक्या सायकलींऐवजी वरच्या स्पर्धेत दोन्ही शॉकअपच्या सायकली अधिक दिसतात. स्कॉटने २०२१ मध्ये स्पार्क या सायकलीचा मागचा शॉकअप फ्रेमच्या पोटातच दडवला. ट्रेकने २०१९ च्या सुपरकॅलिबरमध्ये मागचा शॉकअप वरच्या दांड्याचाच भाग केला. तो आधी ६० मि.मी. दबे, २०२३ च्या आवृत्तीत ८० मि.मी.

२६ इंची चाकाची जागा २९ इंची चाकाने घेतली, कारण मोठे चाक खड्ड्यात कमी अडकते. टायरची रुंदी दोन इंचांच्या आसपास होती, ती २.३५ ते २.४ इंचांवर गेली. हँडल पूर्वी ५६०-५८० मि.मी. रुंद असे, आता ७४०-७६० मि.मी. असते, आणि त्याला धरणारा स्टेम उलट आखूड झाला. चिमटा पूर्वी उभट असे, सुमारे ७१ अंशांत. आता ६७-६८ अंशांपर्यंत कलता झाला आहे, म्हणून खड्या उतारावर सायकल बिचकत नाही. पुढच्या तीन चकत्या जाऊन एकच राहिली. स्रॅम कंपनीने २०१२ मध्ये पुढे एक आणि मागे अकरा चकत्यांची रचना आणली. २०१६ मध्ये मागे बारा झाल्या, आणि २०१८ मध्ये शिमानोही बाराच्या पंगतीत बसली. उतारावर कळ दाबून सीट खाली नेण्याची सोय पूर्वी शर्यतीत वजनदार म्हणून टाळत, आता तीही रूढ होत आहे.

या बदलांमागे एकच विचार आहे. सायकल केवळ हलकी असून भागत नाही, ती स्वाराच्या ताब्यात राहिली पाहिजे. हँडलवर आता इतक्या कळा झाल्या की काही कंपन्या त्या पुन्हा कमी करू लागल्या आहेत. तेलाची वाटच अशी आखायची की स्वाराला कळ दाबावी लागू नये, हा त्यांचा प्रयत्न आहे.

हा खेळ आपल्यापासून फार दूर राहिलेला नाही. संगमनेरच्या प्रणिता सोमण हिने राष्ट्रीय माऊंटन बाईक स्पर्धेत महाराष्ट्राला सुवर्णपदक मिळवून दिले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई माऊंटन बाईक स्पर्धा केरळात, तिरुवनंतपुरमजवळील पोनमुडी येथे झाली. संगमनेर हेही जामनेरसारखे तालुक्याचे गाव आहे, हे आमच्या वाचकांनी लक्षात घ्यावे.

जामनेरच्या रस्त्यावर काय चालेल

आता शर्यत बाजूला ठेवून आपल्या मातीकडे येऊ. जामनेर तालुक्याच्या दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर, बाकी काळी कपाशीची जमीन. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात, पावसाळ्यात चिकट गारा आणि शेतवाटेवर बाभळीचे काटे व सराटे. सायकल निवडताना आणि सांभाळताना या चार गोष्टी धरून चालावे लागते.

आमचे स्पष्ट मत असे की, शेतात किंवा शाळेत जाण्यासाठी सायकल घेणाऱ्याला स्वस्त शॉकअपची सायकल गळ्यात मारू नये. जाड स्प्रिंगचा फोर्क सायकलीचे वजन वाढवतो, चढावर जोर खातो आणि दोन पावसाळ्यांत गंजून आखडतो. मग मूल जड, आखडलेली सायकल ओढत राहते. मागेही शॉकअप असलेल्या स्वस्त सायकलीत तर पायडलचा जोर मागच्या स्प्रिंगमध्येच मुरतो. त्याच पैशात साध्या चिमट्याची, जाड टायरची, चांगल्या ब्रेकची सायकल अधिक टिकते. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली तर बारीक खड्ड्यांचा त्रास पुष्कळ कमी होतो. शॉकअपच्या सायकलीवर नफा जास्त सुटत असला, तरी सहा महिन्यांनी तेच गिऱ्हाईक कुरकुरत परत येते आणि गावभर सांगते. लहान गावात दुकानाची जाहिरात गिऱ्हाईकाच्या तोंडूनच होते.

जो हौसेने किंवा व्यायामासाठी सायकल घेतो, ज्याला जामनेरहून पहूरमार्गे अजिंठ्याकडे किंवा तोंडापूरच्या बाजूच्या डोंगरवाटांवर जायचे आहे, त्याला पुढे १०० मि.मी. दबणारा, तेलाचा आणि बंद करता येणारा फोर्क पुरे होतो. परवडत असेल तर हवेचा घ्यावा, कारण स्वाराच्या वजनाप्रमाणे तो कमी-जास्त करता येतो. मागच्या शॉकअपचा खर्च आणि त्याच्या सांध्यांची देखभाल आपल्या भागातील बहुतेक गिऱ्हाइकांना परवडण्यासारखी नाही, हे विकणाऱ्याने आधीच सांगावे.

काट्यांसाठी ट्यूबलेस टायर आणि त्यात घालायचे सीलंट हा चांगला उपाय आहे. बारीक भोक पडले की आतला द्रव तिथे गोठतो आणि हवा थांबते. मात्र आपल्या उन्हाळ्यात हे सीलंट लवकर सुकते. थंड प्रदेशात ते काही महिने टिकत असेल, आपल्याकडे उन्हाळ्यात मध्येच टायर उघडून ते पाहावे लागते. दुकानदाराने गिऱ्हाईकाची वही ठेवून अशी आठवण दिली तर तेही एक नियमित काम होते.

दुकानात काय करता येईल

कंपनीकडून सायकल येते ती पूर्ण जोडलेली नसते. हँडल, पुढचे चाक, पायडल, सीट दुकानातच बसतात. पहिली चूक इथेच होते. घाईत फोर्क उलटा बसतो. बहुतेक फोर्कच्या दोन पायांना जोडणारी कमान चाकाच्या पुढच्या बाजूला असावी लागते, आणि डिस्क ब्रेक असेल तर त्याचा पंजा स्वाराच्या डाव्या हाताला येतो. उलटा फोर्क बसवलेली सायकल रस्त्यावर डगमगते आणि ब्रेक मारताना धोका देते. विक्रीआधी ही एक गोष्ट पाहण्याची सवय दुकानातल्या पोराला लावावी.

दुसरे काम हवेचा दाब बसवण्याचे. यासाठी शॉकअपचा हातपंप मिळतो. त्याला काटा असतो आणि तो उच्च दाबाची पण थोडीच हवा भरतो. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसर फोर्कला कधीही लावू नये. फोर्कमधील हवेची जागा अगदी लहान असते. कॉम्प्रेसरचा एक झटका सील फाडू शकतो. दाब किती हवा याचा तक्ता बहुधा फोर्कच्या पायावर किंवा पुस्तिकेत असतो. नसेल तर गिऱ्हाईकाला सायकलवर बसवून पाहावे. चकचकीत नळीवर रबरी कडे असते. नसेल तर प्लॅस्टिकची बारीक पट्टी बांधावी. गिऱ्हाईक नेहमीच्या कपड्यांत, पायडलवर पाय ठेवून बसले की कडे खाली सरकवावे, आणि त्याला हळूच उतरवून कडे किती वर गेले ते मोजावे. क्रॉस-कंट्री सायकलीला फोर्क स्वाराच्या नुसत्या वजनाने एकूण दबण्याच्या १५ ते २० टक्के दबावा. म्हणजे १०० मि.मी. च्या फोर्कला १५ ते २० मि.मी. जास्त दबला तर हवा भरावी, कमी दबला तर काढावी. मागच्या शॉकअपला हे प्रमाण २० ते २५ टक्के ठेवतात.

मग उसळीची खुंटी. ओट्याच्या पायरीवरून सायकल बसूनच खाली उतरवावी. फोर्क दबून एकदाच वर यावा आणि थांबावा. दोन-तीन उड्या मारत असेल तर खुंटी हळू करण्याच्या दिशेने फिरवावी. वर यायला आळस करत असेल तर उलट. हे काम दहा मिनिटांचे आहे. गिऱ्हाईकाला मात्र सायकल बदलल्यासारखी वाटते, आणि त्याचे पैसे तो आनंदाने देतो.

तिसरे आणि खरे कमाईचे काम म्हणजे फोर्कची सर्व्हिस. रॉकशॉक्ससारख्या कंपन्या सुमारे ५० तास चालवल्यावर खालचे पाय काढून साफसफाई व नवे तेल, आणि सुमारे २०० तासांनी संपूर्ण सर्व्हिस सांगतात. आपल्या धुळीत व चिखलात हे लवकरच करावे लागते. खालचे पाय काढणे, धूळ-सील आणि त्याखालचा फोमचा गोल साफ करणे, ठरलेल्या मापाचे तेल घालून पुन्हा बसवणे, एवढे काम मोटारसायकलच्या फोर्कचा हात बसलेला मिस्त्री शिकू शकतो. यात तीन पथ्ये पाळावीत. फोर्क उघडण्याआधी त्यातली सगळी हवा सोडावी. दाब असताना उघडलेला भाग बंदुकीसारखा सुटतो. रॉकेल किंवा पेट्रोलने सील धुऊ नयेत, रबर खराब होते. तेल आणि ग्रीस कंपनीने सांगितलेलेच वापरावे. हाताशी आहे म्हणून गाडीचे इंजिन ऑइल घालू नये. धुताना जोराचे पाणी सीलवर मारू नये, हेही गिऱ्हाईकाला सांगावे.

चौथी गोष्ट मापांची. जुन्या सायकलीला शॉकअप बसवून द्या, अशी मागणी पोरे करतात. जुन्या चिमट्याची दांडी एक इंची आणि आट्यांची असते. नव्या फोर्कची बहुधा सव्वा इंचापेक्षा थोडी कमी, म्हणजे १ १/८ इंच, किंवा वर बारीक खाली जाड असते. ती ठोकून-ठाकून बसवू नये. बसलीच तरी उंच फोर्कमुळे सायकलीचे तोंड वर होते आणि चालवणे बिघडते. अशा वेळी नाही म्हणणारा मिस्त्रीच उस्ताद.

शिकायचे कोणी, सामान आणायचे कोठून

आमची सूचना अशी की, एका दुकानाने सगळी हत्यारे घेण्यापेक्षा जामनेर, पहूर, शेंदुर्णीच्या दोन-चार मिस्त्रींनी मिळून शॉकअपचा पंप, एलन चाव्यांचा चांगला संच, टॉर्क पाना आणि सील बसवण्याचे साधन घ्यावे. सील व तेल एकत्र मागवले तर सामान पडून राहत नाही. घरातला दहावी-बारावी झालेला मुलगा या धंद्यात यायला कचरतो, कारण त्याला यात फक्त पंक्चर दिसते. त्याला पुण्या-नाशिकच्या एखाद्या चांगल्या दुकानात काही महिने शागिर्दीला ठेवावे. कंपन्यांच्या पुस्तिका इंग्रजीत असतात. त्या तो वाचेल आणि वडिलांचा हात त्याला काम शिकवील. या धंद्याला दोन्हींची गरज आहे.

बाजार कोणासाठी थांबत नाही. भाड्याच्या सायकली गेल्या तेव्हा अनेक दुकाने बंद झाली. जी उरली ती नवे काम शिकली म्हणून उरली. आजही तीच वेळ आहे. शॉकअपची सायकल दुकानाच्या दारात उभी राहील तेव्हा तिला परत पाठवायचे की आत घ्यायचे, हे आमच्या कारागीर बांधवांनी आजच ठरवावे, आणि पहिला पंप याच महिन्यात आणावा.